‘पुन्हा अर्ज करावा’

डेल्सी स्लोनला ट्रेस फोर्कच्या घळीतली माणसं डॉक्टरीणबाई म्हणायला लागली, तेव्हा तिनं मेडिकलचा अर्जसुद्धा भरलेला नव्हता. पूर्व केंटकीच्या डोंगरात कुणाचं पोर शाळेत जरा चमकलं की सगळी घळ त्याला आपलं म्हणून वाटून घेते. डेल्सीनं डोंगरातल्या गरीब पोरांना फुकट शिकवणाऱ्या कॉलेजातून जीवशास्त्राची पदवी घेतली आणि तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत ती कामाला लागली, तेवढं लोकांना पुरलं. कुणी गळू दाखवायला यायचं, कुणी तापलेलं पोर कडेवर घेऊन. ती म्हणायची, "अहो, मी नुसतं रक्त काढते." लोक म्हणायचे, "आज काढतेस, उद्या औषधही देशील."

तिला डॉक्टर व्हायचं होतं ते आईमुळं. आईचं पोट दुखायचं. तालुक्याला सरकारनं पाठवलेला तरुण डॉक्टर आला, त्यानं पित्त म्हणून सांगितलं आणि मुदत संपताच तो निघून गेला. त्याच्या जागी दुसरा आला, त्यानं मनाचा आजार म्हटलं. तिसऱ्यानं पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. तेव्हा डेल्सी शाळेत होती. आई गेल्यावर ती बापाला म्हणाली होती, "डॅडी, मी झाले ना डॉक्टर, तर मी इथून जाणार नाही." हर्शल स्लोन सारी उमर कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. त्याच्या छातीत तेव्हाच धूळ बसायला लागली होती. त्यानं नुसती मान हलवली, आणि ते वाक्य त्यानं शब्दासारखं जपून ठेवलं. दिलेला शब्द जपतात ना, तसं.

पहिल्या वर्षी तिनं पाच ठिकाणी अर्ज केले. पत्रपेटी घळीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला. हर्शलला धाप लागायची तरी तो रोज तिथवर चालत जायचा. पाचांपैकी चार पत्रं कोरडी आली. दोन ओळी, खाली शिक्का. एकानं तर साधं कार्ड पाठवलं होतं. डेल्सीनं ती चुलीत टाकली आणि तिला फारसं काही वाटलंही नाही. डोंगरातल्या माणसाला बाहेरच्यांकडून याहून वेगळं ऐकायची सवय नसते.

पाचवं पत्र तिच्याच राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाचं. कागद जाड, पिवळसर. तिनं ते स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभ्याउभ्या वाचलं. हर्शल खुर्चीत होता. पलीकडच्या काठावर राहणारी त्याची विधवा बहीण डोव्ही मक्याचा पाव घेऊन आली होती, तीही थांबली.

"मोठ्यानं वाच," हर्शल म्हणाला.

डेल्सीनं वाचलं. ‘आपल्या अर्जाचा समितीने अत्यंत काळजीपूर्वक विचार केला. आपल्या चिकाटीने समिती विशेष प्रभावित झाली आहे. तथापि, पात्र उमेदवारांची संख्या उपलब्ध जागांपेक्षा फार मोठी असल्याने यंदा आपणास प्रवेश देता येत नाही, हे कळवताना आम्हांस मनापासून खेद होत आहे. आपण पुन्हा अर्ज करण्याचा विचार अवश्य करावा. आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’ खाली अधिष्ठाता डॉक्टर व्हिटकॉम्ब यांची सही, निळ्या शाईत.

डोव्ही आत्या म्हणाली, "मनापासून खेद म्हणालेत बघ. माझा नवरा खाणीत मेला तेव्हा कंपनीच्या पत्रात नुसताच खेद होता."

"नाही म्हटलंय गं आत्या."

"नाही म्हटलंय, पण कसं म्हटलंय ते बघ की!"

हर्शलनं पत्र हातात घेतलं, सहीवरून बोट फिरवलं. "दारातून उठून निघालेल्या माणसाला आपण ‘परत या’ म्हणतो, ते काय उगीच? नको असलेल्याला कोण म्हणेल परत ये म्हणून?"

"मी म्हणते," डोव्ही म्हणाली. "पाद्रीबाईला दर रविवारी म्हणते."

हर्शल हसला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "ते तोंडानं बोललेलं. हे लिहून दिलंय. एवढा मोठा माणूस, त्याला काय गरज पडली होती खोटं लिहायची? त्यानं तुझी चिकाटी ओळखली, पोरी."

डेल्सीला ते पटलं. खरं सांगायचं तर बापानं बोलायच्या आधीच पटलं होतं. वाचताना ‘तथापि’पाशी तिचं काळीज खाली गेलं होतं, आणि ‘अवश्य’पाशी पुन्हा वर आलं होतं. तिकडं त्या शहरात कुणीतरी आपला अर्ज वाचला, त्याला जोडलेला आईबद्दलचा निबंध वाचला, आणि हळहळला. हे तिला इतकं खरं वाटलं की व्हिटकॉम्बसाहेबांचा चेहरासुद्धा तिनं मनात तयार केला. पांढरे केस, चष्मा, जरा वाकलेले खांदे.

रॉस कॉडिल कोळशाचा ट्रक चालवायचा. दोघांचं लग्न ठरल्यात जमा होतं. त्याच वसंतात खाणी धडाधड बंद व्हायला लागल्या आणि रॉसला ओहायोत, डेटनच्या मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं. त्याचे दोन भाऊ आधीच तिकडं होते.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. ट्रक ओढ्याकडेला उभा होता. "तिकडं काय दवाखाने कमी आहेत? नर्सिंगचं शीक. दोन वर्षांत हाताशी येईल."

"एक वर्ष थांब. त्यांनी मला पुन्हा बोलावलंय."

"बोलावलंय? हाकललंय तुला, डेल्स. गोड बोलून हाकललंय, एवढंच."

"तू पत्र वाचलंयस का नीट?"

"तुझ्या बापानं तीनदा वाचून दाखवलंय. दुकानातल्या सगळ्यांना दाखवलंय." रॉसनं टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "मला कामावरनं काढलं ना, तेव्हा मुकादम म्हणाला, ‘रॉस, संपलं.’ मी घरी गेलो, जेवलो, दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तुझ्या त्या साहेबानं असं एक वाक्य लिहिलं असतं तर आज तू गाडीत सामान भरत असतीस."

ती रागावली. तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, असं काहीबाही बोलून गेली. रॉस एकटाच गेला.

त्या उन्हाळ्यात तिनं फिजिक्सची शिकवणी लावली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत तो विषय तिला नेहमी दगा द्यायचा. दवाखान्यातलं काम संपवून ती गाडी हाणत दोन डोंगर ओलांडून जायची, आणि रविवारी चर्च चुकवून पुस्तक घेऊन बसायची. पुन्हा परीक्षा दिली. गुण जरासे वाढले, फार नाही. त्या वर्षी तिनं एकाच ठिकाणी अर्ज केला. बाकीच्यांनी कुठं बोलावलं होतं?

पत्र आलं. तिनं जुनं पत्र बायबलमधून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. शब्दाला शब्द तेच. खेद तोच, चिकाटी तीच, शुभेच्छाही त्याच.

"तेच आहे," ती म्हणाली.

हर्शलनं दोन्ही कागद उजेडाकडं धरले. "तेच असणार. त्यांचं मत बदललं नाही तुझ्याबद्दल. होय का नाही, डोव्ही?"

डोव्ही आत्या भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "होय तर. मत बदललं असतं तर शब्द बदलले असते."

बुडत्याला काडीचा आधार. डेल्सीनं ती काडी धरली.

तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तोवर हर्शलच्या नाकाला नळी लागली होती आणि खुर्चीशेजारी ऑक्सिजनची टाकी उभी राहिली होती. पत्रपेटीपर्यंत जाणं त्याला जमेना, तो खिडकीतून टपालाच्या गाडीची वाट बघायचा. रॉसचं चार ओळींचं पत्र आलं: लग्न करतोय, मुलगी तिकडचीच आहे, तुला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून कळवतोय. डेल्सीनं ते एकदाच वाचलं. त्यात पुन्हा वाचण्यासारखं काही नव्हतं.

घळीतली माणसंही आता टोमणे मारायला लागली होती. मनानं वाईट नव्हती, पण वाट बघून कंटाळली होती. दुकानदार एल्झी ट्रेंट गल्ल्यावरून ओरडायचा, "डॉक्टरीणबाई, माझा गुडघा तुझी वाट बघून झिजला! बसवू का आता लाकडाचा?" सगळे हसायचे. तीही हसायची. ज्या मुलीला नर्सिंगची माहिती तिनंच दिली होती, ती आता दवाखान्यात वॉर्डाची प्रमुख होऊन तिला रक्ताचे रिपोर्ट लवकर पाठव म्हणून सांगायची.

चौथा अर्ज भरायच्या आधी दवाखान्यानं तिला नव्या यंत्राचं शिक्षण घ्यायला शहरात पाठवलं, त्याच विद्यापीठात. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली खानावळीत गेले आणि ती विचारत विचारत प्रवेशाच्या कचेरीत गेली. साहेबांना भेटायची तिची हिंमत नव्हती. आपलं काय कमी पडतंय तेवढं विचारावं, म्हणून गेली.

टेबलापाशी एक जाडगेल्या, हसऱ्या बाई बसल्या होत्या. नावाची पाटी मिसेस प्रूएट. टेबलावर कुंडी, नातवंडांचे फोटो. डेल्सीचं बोलणं ऐकताच म्हणाल्या, "डोंगरातली का गं तू? माझी आई तिकडचीच. बस, बाळ. कॉफी घे."

डेल्सी बसली. पर्समधून तिनं शेवटचं पत्र काढून पुढं केलं. "साहेबांनी पुन्हा अर्ज करायला सांगितलंय. तर म्हटलं, यावेळी काय सुधारू ते विचारावं."

मिसेस प्रूएटनी पत्र वाचलं नाही. नुसतं पाहिलं, आपणच शिवलेला सदरा ओळखावा तसं. "हे होय," त्या म्हणाल्या. "बाळ, हे सगळ्यांना जातं."

"सगळ्यांना म्हणजे, जे थोडक्यात हुकले त्यांना?"

"सगळ्यांना."

"पण यात माझ्या चिकाटीचं लिहिलंय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पूर्वी आमचं पत्र दोन ओळींचं असायचं. मग फोन यायचे. आया रडायच्या, बाप भांडायला यायचे. तेव्हा साहेबांनी बसून नवा मजकूर केला, जीव लावून केला हो. कुणाचं मन मोडू नये म्हणून. चिकाटी मीच सुचवली. म्हटलं, एवढा मोठा अर्ज भरलाय त्या अर्थी तेवढी तर प्रत्येकात असणारच."



बाई आतून तिची फाइल घेऊन आल्या. त्यांना तसं करायची परवानगी नव्हती बहुतेक, कारण आधी त्यांनी दार लोटून घेतलं. "फिजिक्सच्या गुणांना एक रेघ आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिच्या खालचे अर्ज समितीपुढं जात नाहीत. तुझे तिन्ही वेळा खालीच राहिले."

"म्हणजे कुणी वाचलेच नाहीत?"

"लिफाफे मी उघडते."

"मी आईबद्दल लिहिलं होतं."

"वाचलंही असेल मी, बाळ. फार येतात गं. आठवत नाही."

खिडकीबाहेर पांढऱ्या कोटातली मुलं हिरवळीवर बसून डबे खात होती. डेल्सी त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "त्या रेघेचं पत्रात का लिहीत नाही तुम्ही?"

मिसेस प्रूएटना प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "ते फार कोरडं वाटतं गं."

डेल्सीनं आभार मानले. आईबापांनी लावलेलं वळण. कपसुद्धा तिनं उचलून बेसिनपाशी नेऊन ठेवला. जिन्यात मात्र ती पायरीवर बसली. वरखाली करणारी मुलं तिला वळसा घालून जात होती. एक मुलगी वाकून म्हणालीही, "बरं वाटत नाही का? डॉक्टरांना बोलावू?" डेल्सीनं मान हलवली. ती रेघ अजून बरीच वर होती. तीनदा जीव तोडून ती होती तिथंच होती, आणि हे तिला पहिल्याच वर्षी कळलं असतं तर त्याच आठवड्यात ती रॉसच्या ट्रकमध्ये बसली असती. नाहीतर नर्स झाली असती. काहीतरी झाली असती. रॉस गेल्याचं दुःख तिनं तोवर कडेला ठेवून दिलं होतं, त्यातून काहीतरी मिळणार आहे या हिशेबानं. आता ते एकदम अंगावर आलं.

घरी पोचली तेव्हा हर्शल खिडकीत होता. "गेली होतीस का त्यांच्याकडं? काय म्हणाले?"

खरं सांगायचं ठरवूनच ती आली होती. गाडीत वाक्यही जुळवलं होतं. पण नळी लावलेलं ते तोंड, ते वाट बघणारे डोळे समोर आले आणि ती म्हणाली, "काळजीपूर्वक विचार करतायत, डॅडी. चिकाटीचं फार कौतुक वाटतं म्हणाले."

बोलता बोलताच तिला कळलं की हे शब्द आपले नाहीत.

हर्शलनं खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "सांगत होतो मी! भर अर्ज."

तिनं अर्ज भरला नाही. भरला म्हणून सांगितलं. हिवाळाभर तो टपालाच्या गाडीची वाट बघत राहिला. "आज नाही का? मोठी माणसं, वेळ लागायचाच," असं म्हणून तोच तिची समजूत घालायचा. शेवटच्या आठवड्यात त्याला दवाखान्यात हलवलं. तिथल्या नव्या डॉक्टरला तो एकेक शब्द ओढत सांगत होता, "माझी पोरगी... तुमच्या जागेवर येणार आहे." डेल्सी तिथंच उभी होती, त्याच्या दंडाला रक्तासाठी पट्टा बांधत. तिला वर बघवलं नाही. फेब्रुवारीत, बर्फ वितळायच्या आत, तो गेला. पत्र येईल या आशेवर गेला, म्हणून लोक म्हणाले, समाधानानं गेला.

पुरल्यानंतर चर्चच्या बायकांनी आणलेलं जेवण टेबलावर तसंच पडलं होतं: उकडलेल्या घेवड्याच्या बिया, डुकराचं मांस, सफरचंदांचा केक. सगळे गेल्यावर डेल्सीनं डोव्ही आत्याला सगळं सांगितलं. रेघ, लिफाफे, सगळं.

डोव्ही ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं गं."

"काय ठाऊक होतं?"

"सगळ्यांना तेच जात असणार ते. दुसऱ्या वर्षी दोन्ही पत्रं तू शेजारी ठेवलीस ना, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

डोव्हीनं मांडीवरचे पावाचे कण गोळा केले. "तू माझ्याकडं बघत होतीस. तुझा बाप बघत होता. तुझं तोंड बघून सांगवलं नाही मला."

"माझं आयुष्य गेलं, आत्या."

"होय," डोव्ही म्हणाली.

डेल्सी तिथंच राहिली. तिशी उलटून गेली होती, नर्सिंगला जायचा जोर अंगात उरला नव्हता. सकाळी दवाखाना, संध्याकाळी रिकामं घर. ‘डॉक्टरीणबाई’ ही हाक काही वर्षांनी आपोआप बंद झाली. ज्यांना ती का सुरू झाली ते ठाऊक होतं अशी माणसं मेली किंवा ओहायोला गेली. पुढं तिला रक्त तपासायच्या खोलीची प्रमुख केलं, कारण दुसरं कुणी टिकलं नव्हतं.

एकदा त्या खोलीत मदतनिसाची जागा निघाली. टेनी हॉस्किन्स नावाची एक पोर अर्ज घेऊन आली. डोळ्यांत सगळं जग मिळाल्याची चमक, पण हात थरथरणारे, आणि रक्त बघितलं की पांढरीफटक पडणारी. जागा दुसरीला गेली. ऑफिसनं छापील पत्र सहीसाठी पाठवलं. डेल्सीनं ते बाजूला ठेवलं आणि टेनीला फोन लावला.

"टेनी, तुला जागा मिळालेली नाही. पुढंही मिळणार नाही. हे काम तुझं नव्हे. वाट बघू नकोस, दुसरं काहीतरी शोध."

फोनमध्ये हुंदका आला, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज. डेल्सीला वाटलं, आज आपण कुणासाठी तरी काहीतरी केलं. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच असं काही वाटलं होतं.

शनिवारी एल्झी ट्रेंटच्या दुकानात टेनीची आई समोर आली. पिठाच्या पिशवीवर हात ठेवून, सगळ्यांदेखत म्हणाली, "काळीज आहे का गं तुला? पोर जेवत नाहीये माझी. म्हणते, मी कशाच्याच लायकीची नाही. नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं. पण असं तोंडावर? दोन बरे शब्द लिहून पाठवले असतेस तर तुझं काय गेलं असतं?"

एल्झी गल्ल्यातली चिल्लर उगाच मोजत राहिला. डेल्सीनं सांगायला तोंड उघडलं. पण काय सांगणार? कुठून सुरुवात करणार? "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि हातातली टोपली तिथंच ठेवून बाहेर पडली. टेनीला पुढं कुठं काम मिळालं की नाही, डेल्सीला कधी कळलं नाही. टेनीची आई पुन्हा तिच्याशी एक शब्दही बोलली नाही.

पुढच्या खेपेला जागा निघाली तेव्हा छापील पत्रं पुन्हा सहीसाठी आली. शेवटी लिहिलं होतं, भविष्यात जागा निघाल्यास आपला अवश्य विचार केला जाईल. डेल्सी कागद घेऊन ऑफिसात गेली आणि म्हणाली, एवढी ओळ काढून टाका.

ऑफिसातली बाई नवी होती, स्वभावानं चांगली. तिनं कागद वाचून पाहिला आणि म्हणाली, "काढते की. पण मग शेवट कसा करायचा?"

डेल्सीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं पेन मागितलं आणि ओळ तशीच ठेवून सह्या केल्या.